सिद्धलिंगप्पांचं क्रियापद

कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली एके काळी अकरा टाइपरायटर खडखडत होते. आता दोनच उरले होते आणि त्यांतल्या एकामागं सिद्धलिंगप्पा हत्तुरे बसायचे. बाकीच्यांपैकी काहींनी लॅपटॉप घेतले, काहींनी गाळे घेतले, दोघांनी जगाचा निरोप घेतला. सिद्धलिंगप्पांनी मात्र दर दसऱ्याला मशीनला विभूती लावली, नवी रिबन घातली आणि काम चालू ठेवलं. "याला वीज लागत नाही," ते म्हणायचे. "आणि सोलापुरात विजेवर चालणाऱ्या वस्तूचा दुपारी दोननंतर भरवसा काय?"

तसे ते सगळंच टाइप करायचे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावातली दुरुस्ती. पण त्यांचं नाव होतं ते मृत्युपत्रांसाठी, आणि तीही इंग्रजी मृत्युपत्रांसाठी. मराठीत लिहिलेलं कायद्याला चालतं, असं ते प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगायचे. माणसं तरी इंग्रजीच मागायची. होटगीचे ज्ञानबा, रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन, त्यांनी त्यामागचं तत्त्वज्ञान सांगितलं होतं: "मराठीत लिवलं तर पोरं वाचत्याल की वो. वाचलं की भांडत्याल. इंग्रजीत असलं म्हंजी वकिलाकडं जाईस्तवर तरी गप बसत्याल."

अशा प्रत्येक मृत्युपत्रात एक शब्द यायचा. तो आला की सिद्धलिंगप्पा हात थांबवायचे, चष्मा पुसायचे आणि मग एकेक अक्षर असं टाइप करायचे, जसं देवळात एकेक बेलाचं पान वाहावं. तो शब्द म्हणजे 'बिक्वीद'.

हा शब्द त्यांना भेटला गड्ड्याच्या यात्रेत. वय पंचवीस, खिशात नुकतंच पास झालेलं टायपिंगचं सर्टिफिकेट. आकाशपाळणा आणि भज्यांची गाडी यांच्यामधे एका माणसानं जुन्या पुस्तकांचा ढीग मांडला होता. त्यात एक जाडजूड इंग्रजी कोश मिळाला. पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची काही पानं भज्यांच्या गाडीकडं गेलेली होती. 'ॲबसेंट' हा शब्द त्यामुळं त्यांच्या कोशात नव्हताच. चाळीस वर्षांत ते कामावर गैरहजर राहिले नाहीत, त्याचं कारण हेच असावं.

त्या कोशानं त्यांना सांगितलं की बिक्वीद म्हणजे आपल्यामागं आपली वस्तू मृत्युपत्रानं कुणाला देणं. नुसतं 'गिव्ह' म्हणजे आज दिलं, आज संपलं. बिक्वीदमधे देणारा नसतो आणि देणं मात्र असतं. शिवाय जुन्या रिवाजानं घर-जमिनीला वेगळं क्रियापद, 'डिव्हाइज'. बिक्वीद करायचं ते घड्याळ, खाट, भांडी, दागिना. सिद्धलिंगप्पा गिऱ्हाइकाला हा फरक कौतुकानं समजावून सांगायचे आणि मग विचारायचे, "जमीन आहे?" बहुतेक वेळा नसायची. "मग तुमचं सगळं बिक्वीदच," ते म्हणायचे, जणू काही त्या माणसाला वरचा वर्ग मिळाला.

पण त्यांना खरं वेड लावलं ते शब्दाच्या मुळानं. कोशात बारीक अक्षरांत होतं की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'क्वेदन' म्हणजे बोलणं. बिक्वीद म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल बोलून ठेवणं. तेव्हा ना कागद होता ना स्टँप. माणूस खाटेवरून बोलायचा, चार माणसं ऐकायची आणि तेच मृत्युपत्र. हे 'क्वेदन' आपल्या 'वदणे'चं मावसभावंडच असणार, असंही सिद्धलिंगप्पांनी ठरवून टाकलं होतं. त्याला पुरावा काही नव्हता. पण पुरावे दुसऱ्यांकडून मागायचे असतात, असा त्यांच्या धंद्याचा शिरस्ता होता.

आता कायदा तोंडी बोलणं मानतो ते लढाईवरच्या सैनिकाचं, हे कळल्यावर ते खट्टू झाले. "आणि संसारी माणूस काय बागेत फिरतोय?" त्यांनी शेजारच्या टेबलावर विचारलं.

शेजारच्या टेबलावर ईश्वर सोनकांबळे होते. तेही टायपिस्ट, वयानं दोन वर्षांनी लहान, आणि तीस वर्षं एका झाडाखाली बसून दोघांचा डबा एकच झालेला. ईश्वर म्हणाले, "सैनिकाला निदान सुट्टी मिळती की, सिद्धप्पा."

कायद्यानं मानलं नाही तरी सिद्धलिंगप्पांनी आपल्या टेबलापुरता हजार वर्षांपूर्वीचा कायदा चालू ठेवला. मृत्युपत्र करायला आलेल्या माणसाला ते समोरच्या स्टुलावर बसवायचे. कोऱ्या कागदाला हात लावायचे नाहीत. "आधी तोंडानं म्हणा. काय, कुणाला. तीनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हटलं की पक्कं." माणूस बोलायला लागायचा आणि मधेच अडायचा. सगळेच अडायचे. तेव्हा सिद्धलिंगप्पा वर बघायचे नाहीत. मान खाली, बोटं मशीनवर, आणि फक्त दोन शब्द: "पुढं बोला."

करमाळ्याकडच्या एक बसव्वा आल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "समदं थोरल्याला." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "समदं थोरल्याला, पर..." आणि थांबल्या.

"पुढं बोला."

"पर माझा भाकरीचा तवा सुनेला. पंचवीस वर्सं तिच्या भाकरीला नावं ठिवली मी. लई चांगली व्हायची वो तिची भाकरी."

त्या दिवशी एका तव्यासाठी सिद्धलिंगप्पांनी इतक्या हळुवारपणे बिक्वीद टाइप केलं, की ईश्वरांनी मुद्दाम मान वळवून बघितलं.

झाडाखाली आणखी एक रिवाज होता. स्वतःचं मृत्युपत्र स्वतःच्या मशीनवर टाइप करायचं नाही, अपशकुन असतो. म्हणून दोघांचं ठरलं होतं, तुझं मी करीन, माझं तू कर. ईश्वरांचं झालंसुद्धा. सिद्धलिंगप्पांचं राहिलं. "माझ्याकडं आहेच काय? कोश आणि मशीन," असं म्हणत ते टाळायचे. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. कारणाचं नाव श्रीदेवी.

श्रीदेवी त्यांची एकुलती मुलगी. बापाच्या मशीनवर टायपिंग शिकली आणि बापापेक्षा वेगानं करू लागली. दुपारी डबा घेऊन यायची. ईश्वरांच्या बहिणीचा मुलगा यशपाल तेव्हा आयटीआय करून नोकरीचे अर्ज टाइप करून घ्यायला यायचा. पुढं तो चिंचोळी एमआयडीसीत लागला, तरी त्याचे अर्ज काही संपेनात. सावली सगळ्यांवर सारखी पडते, एवढाच काय तो त्या झाडाचा दोष.

घरात दोघांच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा सिद्धलिंगप्पांनी ताट सरकवलं आणि उठले. दुसऱ्यांदा निघाला तेव्हाही. मग एका मंगळवारी श्रीदेवी झाडाखाली आली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. तिसरा नंबर होता. नंबर आल्यावर स्टुलावर बसली.

"अप्पा, मला बोलायचंय. दोनच मिनिटं."

त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला सिद्धलिंगप्पांनी जन्मात कधी गप्प केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"तुला द्यायला माझ्याकडं काही नाही."

"मी मागायला आलेच नाही, अप्पा..."

"तुला द्यायला माझ्याकडं काही नाही."

"ऐकून तरी घ्या."

"तुला द्यायला माझ्याकडं काही नाही!"

सगळं आवार ऐकत होतं. श्रीदेवी उठली, ओढणी सावरली आणि गेली. ईश्वरांनी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "सिद्धप्पा, तीस वर्सं माझ्या डब्यातली शेंगाचटणी चालली. माझं पोरगं चालंना व्हय?"

सिद्धलिंगप्पांनी मशीनमधे नवा कागद घातला. चटणी खाताना जी जात आठवली नव्हती, ती जावई म्हणताना आठवली, हे त्यांचं त्यांनाही त्या क्षणीच कळलं होतं. कळणं आणि तोंड उघडणं यात मात्र अंतर असतं.

ईश्वरांनी आपलं टेबल दोन हात लांब सरकवलं. सहा महिने दोघांत एवढंच संभाषण: "कार्बन हाय?" "आहे." मग एका दुपारी ईश्वरांनी डबा पुन्हा मधे ठेवला. माफ केलं असं नाही. भूक लागली होती.

श्रीदेवीचं आणि यशपालचं नोंदणी लग्न झालं. गौरम्मा, म्हणजे सिद्धलिंगप्पांच्या मंडळी, महिन्यातून एकदा देवळात लेकीला भेटायच्या. नवऱ्याला पत्ता नाही असं त्या धरून चालायच्या. नवऱ्याला पत्ता होता, कारण त्या दिवशी डब्यातल्या कडक भाकऱ्या चारानं कमी व्हायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात ज्वारी थोडी जास्त आणायचे.

अशी अकरा वर्षं गेली. लोकांची शेवटची बोलणी टाइप करताना सिद्धलिंगप्पांना रोज एक गोष्ट सलायची. त्यांच्याच कायद्यानं, त्यांच्याच टेबलावर, साक्षीदारासमोर, त्यांनी तीनदा म्हटलं होतं. म्हणजे मुलीसाठी त्यांचं एक मृत्युपत्र होऊन बसलं होतं. ते रद्द करायचं तर पुन्हा तोंडानंच करायला हवं. ईश्वरांसमोर बसायचं आणि तीनदा म्हणायचं: माझा कोश मी श्रीदेवीला बिक्वीद करतो. कोशाचं एक निमित्त. वाक्य त्यांनी मनात घोळून घोळून गुळगुळीत केलं होतं. येत्या सोमवारी म्हणू, असं ते दर शुक्रवारी ठरवायचे. आणि सोमवारी गर्दी असते.

फेब्रुवारीत, रिबन बदलता बदलता, त्यांचा उजवा हात रिळावरून घसरला आणि पुन्हा वर आलाच नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

सिद्धलिंगप्पांच्या डोक्यात उत्तर स्पष्ट होतं. उजवी बाजू जड वाटते, पंखा बंद करा, माझी मुलगी कुठं आहे. त्यांनी तोंड उघडलं.

"पुढं बोला."

"जेवण जातंय का?"

"पुढं बोला."

डॉक्टरांनी गौरम्मांना समजावलं. शब्द आत आहेत, समजतंयही सगळं, बाहेर यायची वाट मोडली आहे. असं होतं कधी कधी. जन्मभर जे सगळ्यात जास्त बोललं, तेवढंच जिभेवर शिल्लक राहतं.

गौरम्मा एकदम भडकल्या. "अय्यो! बेचाळीस वर्सं संसार केला. मला एकदा म्हणाले नाहीत हो, पुढं बोला. मी तोंड उघडलं की 'साकु'! पुरे म्हणजे. आता दिवसभर पुढं बोला, पुढं बोला. आणि मेलं मला काही सुचतच नाही बोलायला." आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

घरी आणल्यावर सिद्धलिंगप्पा खाटेवर पडून असायचे. बिक्वीद हा शब्द त्यांना आत लख्ख दिसायचा. आठ इंग्रजी अक्षरं, मूळ 'क्वेदन', शेवटी जीभ हलकेच दातांत धरायची. ते जीभ दातांत धरायचे. बाहेर यायचं ते "पुढं बोला." दूधवाल्याला, देवाला, भिंतीवरच्या पालीला. मराठी गेली, कानडी गेली, चाळीस वर्षं जपलेली इंग्रजी गेली. राहिले ते दोन शब्द, आणि तेही दुसऱ्याला बोलायला लावणारे.

ईश्वर रोज संध्याकाळी यायचे. त्यांनी रिकाम्या टेबलावरचं सामान घरी आणून ठेवलं होतं, मशीन, कोश आणि गिऱ्हाइकाचं स्टूल. कोश सिद्धलिंगप्पांच्या डाव्या हाताशी असायचा. एका संध्याकाळी ईश्वर खाली वाकून म्हणाले, "सिद्धप्पा, श्रीदेवीला बोलवू का?"

"पुढं बोला."

"आरं, व्हय का न्हाय?"

"पुढं बोला."

ईश्वरांनी डोळ्यांकडं बघितलं. डोळे भरून आले होते. "ह्याला मी व्हय धरतो," ते म्हणाले. "चुकलं तर उठून भांड."

रविवारी दुपारी श्रीदेवी आली. चिंचोळीहून स्कूटीवर, एकटीच. उंबऱ्याशी थोडी घुटमळली. कानशिलावरचे दोन-चार केस पांढरे झाले होते. माझ्या मुलीचे केस पांढरे झाले आणि मी बघितले नाहीत, एवढंच सिद्धलिंगप्पांच्या मनात आलं. खाटेजवळ बसायला दुसरं काही नव्हतं. ती त्याच स्टुलावर बसली.

"अप्पा."

आता. सिद्धलिंगप्पांनी सगळं बळ एकवटलं. जीभ चालत नाही तर हात तरी. डाव्या हातानं त्यांनी कोश तिच्याकडं ढकलला. घे, तुझा आहे. पण डाव्या हाताला कामाची सवय नव्हती. तो नको तेवढ्या जोरात सुटला. कोश खाटेवरून उसळला, श्रीदेवीच्या गुडघ्याला लागला आणि धाडकन फरशीवर पडला.

कोपऱ्यात बसलेल्या ईश्वरांनी पाय जवळ घेतले.

"एन्री, काय हो हे!" गौरम्मा ओरडल्या. "पोरगी अकरा वर्सांनी दारात आली आणि तुम्ही फेकून मारता?"

श्रीदेवी उभी राहिली. तिचा चेहरा त्या मंगळवारी होता तसाच झाला. "असू दे, अव्वा," ती म्हणाली. "मी उगाच आले. त्यांचं अजून तेच आहे." आणि ओढणी सावरून दाराकडं वळली.

सिद्धलिंगप्पांच्या आत सगळे शब्द एकमेकांवर कोसळले. नको जाऊ. फेकला नाही. दिला. माफ कर. सगळे एकदम दाराशी आले आणि त्या गर्दीतून नेहमीचे दोनच निसटले.

"पुढं बोला."

ती थबकली. हा आवाज, ही मान खाली घालून म्हणण्याची तऱ्हा तिला पाठ होती. लहानपणापासून डबा घेऊन झाडाखाली उभी राहून तिनं ती ऐकली होती. तव्यावर अडलेल्या बायकांसाठी, घड्याळावर अडलेल्या म्हाताऱ्यांसाठी. तिच्यासाठी कधीच नाही.

"पुढं बोला," सिद्धलिंगप्पा म्हणाले. घाम फुटला होता. आणि पुन्हा, जवळजवळ ओरडून, "पुढं बोला!"

कोपऱ्यातून ईश्वर घसा खाकरून उठले.

"तीनदा झालं, पोरी. मी साक्षीदार हाय. त्या दिवशीचं तीनदाबी मीच ऐकलं हुतं. आता शेवटचं मृत्युपत्र आधीची समदी रद्द करतं, हे तुझ्या बापानंच मला धा हजार वेळा ऐकवलंय. बस खाली."

श्रीदेवीनं कोश उचलला, फुंकर मारून धूळ उडवली, मांडीवर घेतला आणि बसली. बराच वेळ त्याच्या पुठ्ठा नसलेल्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग बोलली ती जणू त्या मंगळवारच्या रांगेतूनच.

"मी परवानगी मागायला नव्हते आले, अप्पा. मला माहीत होतं तुम्ही देणार नाही. लग्नाची नोटीस द्यायची होती रजिस्ट्रारकडं. मला वाटत होतं, ती तुमच्या हातानं टाइप व्हावी. एवढंच सांगायचं होतं. दोन मिनिटांचं काम होतं."

सिद्धलिंगप्पांचा उजवा हात चादरीवर पडला होता. कुणाचा तरी विसरून राहिलेला असावा तसा.

"मग बाहेर कुणाकडून तरी करून घेतली. त्यात तीन चुका होत्या. तुमचं नाव पण चुकवलं त्यानं. मी दुरुस्त करून मागितली नाही. म्हटलं, राहू दे, नाहीतरी..." ती अडली.

"पुढं बोला."

ती बोलत गेली. यशपालच्या रात्रपाळ्या. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला होता, आणि तिनं बापाचा लिहून पुन्हा खोडला होता. ती अडली की सिद्धलिंगप्पा तेच दोन शब्द म्हणायचे आणि ती सांगायची. गौरम्मा भिंतीला टेकून ऐकत होत्या. देवळात महिन्याला भेटूनही त्यांना यातलं निम्मं माहीत नव्हतं. अकरा वर्षं ही पोरगी सगळं असंच तोंडात धरून बसली होती, आणि ते ऐकणाऱ्यानंच तिला तीनदा गप्प केलं होतं. सिद्धलिंगप्पांना एकेक वाक्य नीट ऐकू येत होतं. उत्तरंही होती, प्रत्येकाचं वेगळं. एकही देता येत नव्हतं.

"राजनंदिनी नऊ वर्षांची झाली," श्रीदेवी म्हणाली. "तुमचा फोटो आहे तिच्याकडं, अव्वानं दिलेला. ती विचारते, अज्जांचा आवाज कसा आहे? मी सांगते, भारदस्त आहे. ती म्हणते, काय म्हणतात ते, करून दाखव. मला करून दाखवता येत नाही, अप्पा. पुढच्या रविवारी आणू तिला?"

सिद्धलिंगप्पांनी डोळे मिटले. हो. एवढं एकच अक्षर. नातीसाठी तरी एक दुसरा शब्द, मराठी, कानडी, कुठलाही. त्यांनी ओठ गोल केले, छातीत हवा भरली, आणि मशीनवरचं अडकलेलं अक्षर दाबावं तसं सगळ्या जिवानिशी ते दाबलं.

"पुढं बोला."

श्रीदेवी थोडा वेळ थांबली. कदाचित अजून काही येईल म्हणून. मग तिनं कोश छातीशी धरला आणि पुढं बोलू लागली.